मागाची गल्ली पुनर्विकासाला देताना: सोलापूरच्या पूर्व भागातल्या मालक, भाडेकरू आणि कारखानदारांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात एकाच छपराखाली तीन-चार कामं चालतात. तळमजल्यावर माग, जिन्याखाली कांडी (धोट्यात घालायची सुताची नळी) भरायचं मशीन, वर राहतं घर आणि दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. बिल्डरचा प्रस्ताव मात्र एकाच मापात येतो: अमुक चौरस फूट जागेच्या बदल्यात अमुक चौरस फूट. त्यावर सही झाली की घर मिळतं, पण घरातलं काम जातं, आणि ते गेल्याचं ताबा घेतल्यावर कळतं. म्हणून आधी काम मोजायचं, मग जागा. भद्रावती पेठ, दाजी पेठ, साखर पेठ, दत्त नगर, कुचन नगर किंवा अशोक चौकाच्या आसपास जिथे माग आणि भाडेकरू एकाच इमारतीत आहेत, तिथे पुढचा क्रम उपयोगी पडेल. घोषित झोपडपट्टीचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

गल्लीची नोंदवही

बिल्डरशी पहिली बैठक होण्याआधीच ही वही तयार हवी. बैठकीनंतर जो-तो आपली खोली मोठी सांगू लागतो आणि मग कोणाचाच आकडा टिकत नाही.

दोनशे पानी लांब वही, ५ मीटरचा एक आणि ३० मीटरचा एक टेप, आणि फोटोवर तारीख उमटेल असा मोबाइल, एवढं पुरतं. मोजायला दोघं-तिघं जा, त्यात एक बाई हवीच. दारात पुरुष भेटला तर तो मागांची संख्या बरोबर सांगतो, पण बायको कांडी भरते आणि सून विड्या वळते हे त्याच्या तोंडून निघत नाही. त्याच्या लेखी ते 'घरचं' असतं. प्रत्येक घरी दोनदा जा: सकाळी अकराच्या सुमारास काम चालू असताना आणि रात्री नऊनंतर माणसं घरात असताना. कारखान्यातच झोपणारे कामगार रात्रीच सापडतात.

एका खोलीला एक पान द्या. त्यावर मालक की भाडेकरू, भाडेपावती कोणाच्या नावे, राहणारी माणसं, खोलीची आतली लांबी-रुंदी-उंची, पोटमाळा, मोरी, ओटा, मागांची संख्या आणि प्रत्येक मोटरची अश्वशक्ती, वीज मीटरचा ग्राहक क्रमांक, घरातल्या बाईचं काम आणि ती ते कुठे नेऊन देते, पाण्याची टाकी किती लिटरची, जिना चढू न शकणारं कोणी आहे का, हे सगळं लिहा. तळमजल्यावर रोजंदारीने माग चालवणाऱ्या कामगारांची नावंही वेगळ्या पानावर घ्या. ते मालकही नाहीत आणि भाडेकरूही नाहीत, म्हणून कुठल्याच करारात त्यांचा उल्लेख येत नाही. निदान आपल्या वहीत तरी तो यायला हवा.

माप गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, आतून घ्या. जुन्या दगडी भिंती सरळ नसतात, तेव्हा प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. टेपचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा आणि पानावर शेजाऱ्याची सही घ्या. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. महापालिकेचे कागद मीटरमध्ये आणि बोलणी फुटांत होतात, घोळ तिथेच होतो.

भिंतीची जाडी लिहायला विसरू नका. आतून १० बाय १२ फुटांची खोली १२० चौरस फुटांची. भोवती दोन फुटी दगडी भिंत असेल तर बाहेरून ती १४ बाय १६, म्हणजे २२४ चौरस फूट. नव्या बांधकामात भिंत सहा इंची, तेव्हा तीच खोली बाहेरून ११ बाय १३, म्हणजे १४३. मधल्या ८१ चौरस फुटांचं काय झालं? भिंती बारीक झाल्यामुळे सुटलेली ही जागा आहे, आणि बोलली नाही तर ती आपोआप बिल्डरच्या विक्रीच्या हिश्शात जाते. दोन खोल्यांत भिंत सामाईक असेल तर फरक कमी भरतो, पण शून्य होत नाही. 'जुन्याइतकाच कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) देतो' हे वाक्य उदार वाटतं ते याच कारणाने. बोलणी इथून पुढे सुरू करा.

कागद

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका ताजी काढा, घरातली जुनी झेरॉक्स चालणार नाही. त्यावर आजोबा-पणजोबांचीच नावं असतील तर आधी वारस नोंद. ही नोंद लांबते ती हैदराबाद, पुणे, भिवंडीला गेलेल्या चुलत भावंडांच्या सह्यांसाठी, म्हणून ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. पत्रिकेच्या इतर हक्कांच्या रकान्यात नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा शेरा आहे का ते पाहा. कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण सोलापूर त्या कायद्याखालच्या शहरांपैकी एक होतं आणि जुने शेरे तसेच राहिले आहेत. असा शेरा असेल तर बांधकाम परवानगीची फाईल तिथेच थांबते.

शहराच्या कडेच्या वस्त्यांत गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट बरेच आहेत. ते नियमित झाल्याचा दाखला नसेल तर आधी तो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. कर कोण भरतो एवढंच तिच्यावरून कळतं.

भाडेकरूचा मुख्य आधार भाडेपावती. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाने भाडं घेणं किंवा पावती देणं बंद केलं असेल तर भाडं मनीऑर्डरने पाठवा, परत आलेली पोच जपून ठेवा. मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा दर्जा मिळतो. त्यासाठी त्याच पत्त्याचं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले एका फायलीत लावा. पगडीवर घेतलेल्या खोलीचा मधला व्यवहार फक्त तोंडी असेल तर तो आत्ताच, मालक बोलायच्या मनःस्थितीत असताना कागदावर आणा. इमारत पाडल्यावर तोंडी व्यवहाराला साक्षीदार मिळत नाही.

महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. रस्ता रुंदीकरणाची रेषा ओट्यावरून जाते की थेट मागाच्या खोलीतून, हे आधी समजलं पाहिजे.

रस्ता किती रुंद?

किती बांधता येईल हे जागेपेक्षा समोरच्या रस्त्यावर जास्त ठरतं. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत रस्ता जितका रुंद तितकं जास्तीचं चटई क्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क), असा तक्ता आहे. ९ मीटर ही त्यातली महत्त्वाची पायरी. तिच्या खाली सर्वसाधारण तक्त्यात जास्तीचं काही मिळत नाही. दाट वस्तीसाठी आणि भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. आपल्या इमारतीला कुठलं कलम लावलं, ते वास्तुविशारदाकडून क्रमांकासह लेखी घ्या. 'बसेल हो सगळं' या उत्तरावर थांबू नका.

रस्ता मोजताना दर दहा मीटरला हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजा, ओटे आणि पायऱ्या धरू नका. गल्लीच्या तोंडाशी दहा मीटर आणि मध्ये सात, असं इथे सर्रास असतं. प्रस्तावात मात्र तोंडाशी घेतलेलं माप छापलेलं असतं.

धोकादायक इमारतीची नोटीस

पावसाळ्याआधी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा लागतात. तीस वर्षांवरच्या इमारतींना कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. नोटीस आली म्हणून लगेच सामान हलवू नका, आणि ती फाडूनही टाकू नका. इमारत कोणत्या वर्गात घातली ते विचारा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. पाडायची फक्त सी-१.

तपासणी अहवालाची प्रत मागा आणि त्यात कोणत्या चाचण्या झाल्या ते वाचा. हातोडी चाचणी, ध्वनिलहरी चाचणी, कोअर काढणे या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी माळवद असलेल्या घराला त्या लावून काही समजत नाही. तिथे पाहायचं असतं ते वेगळंच: भिंत ओळंब्यात आहे की पोट सुटलंय, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलंय का, वाळवी कुठवर चढलीय, धाब्यावर मातीचा थर किती आहे. गळती थांबवायला वर्षानुवर्षं वर माती टाकली जाते. १० बाय १२ च्या खोलीवर तीन इंच माती वाढली की ३० घनफूट होते. घनफुटाला ४५ ते ५० किलो धरले तर दीड टनाच्या जवळपास बोजा त्याच जुन्या तुळयांवर. ओली झाली की आणखी. ही माती उतरवून दोन तुळया बदलल्या तर काही घरं सी-१ मधून खाली येतात. तसं असेल तर घाईने सही करायचं कारण उरत नाही.

घर खरंच सी-१ असेल तर मात्र हटून बसू नका. भिंत कोसळते ती बहुधा रात्रीच्या पावसात, आणि आत मुलं झोपलेली असतात. बाहेर पडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र महापालिकेच्या अभियंत्याकडून मोजून लेखी घ्या, सोबत आपली नोंदवही जोडा. पाडलेल्या जागेवर नंतर हक्क सांगताना हा एकच कागद उपयोगी पडतो.

माग कुठे बसणार

पुनर्विकासात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नकाशात तळमजल्यावर 'दुकान गाळा' लिहिलेलं असतं आणि कारखानदार समजतो की यात आपले माग येतील. ते येत नाहीत.

आधी उंची बघू. नेहमीच्या मजल्याला साडेनऊ-दहा फूट उंची ठेवतात. साधा माग त्यात बसतो. सोलापुरी चादरीच्या नक्षीला जॅकार्ड लागतं आणि ते मागाच्या वर सांगाड्यावर चढवलेलं असतं. त्याच्या वरही माणसाला हात घालून दोऱ्या सोडवता आल्या पाहिजेत. चालू मागाची जमिनीपासून जॅकार्डच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा, त्यात किमान दोन फूट मिळवा, आणि तो आकडा करारात 'तुळईच्या खाली स्पष्ट उंची' असा लिहून घ्या. स्लॅबखालची उंची लिहिली तर मधली तुळई नेमकी जॅकार्डवर येते.

मग मांडणी. मागाची लांबी-रुंदी, पुढे विणकराला उभं राहायला अडीच फूट, मागे बीम (ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ) चढवायला साडेतीन ते चार फूट, आणि दोन रांगांच्या मध्ये कापड-सूत न्यायची वाट. १ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणात कागदाचे माग कापा आणि नकाशावर मांडून बघा. खांब कुठे आडवे येतात ते लगेच दिसतं. आठ माग असलेल्या हॉलइतक्याच क्षेत्रफळाच्या गाळ्यात मधे दोन खांब आले की सहाच बसतात. नुसतं क्षेत्रफळ जुळवून हे कळत नाही.

बीम आत कसा जाईल हेही आत्ताच पाहा. बीमची टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजा, तेवढ्याच लांबीचा बांबू घ्या आणि नकाशावरचं दार, वळण, बोळ जमिनीवर खडूने आखून त्यातून फिरवा. अडकला तर दार रुंद करायला सांगा. नकाशावर हा बदल फुकट होतो, भिंत उभी राहिल्यावर तो कोणी करून देत नाही.

तिसरी गोष्ट हादरा. धोटा मारणारा माग वरच्या मजल्यावर कधीही ठेवू नका. स्लॅब थरथरतो, फरशीला आणि भिंतीच्या सांध्याला भेगा जातात, मागाचे बोल्टही ढिले होतात. माग जमिनीवरच बसवा, आणि तोही इमारतीच्या खांबांपासून वेगळ्या केलेल्या काँक्रीटच्या बैठकीवर. बैठक आणि खांब यांच्यात एक-दोन इंचांची फट सोडून तिच्यात दबणारा भराव घालायला सांगा, म्हणजे हादरा वरच्या घरांत चढत नाही. सोलापुरात कित्येक ठिकाणी काळी माती जाड आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. बैठकीखालची काळी माती काढून मुरूम थरांनी कुटला नाही तर दोन वर्षांत माग तिरपे होतात आणि ताणा एका बाजूला सैल पडू लागतो. पायाच्या माती परीक्षणाच्या अहवालातच मागाच्या हॉलचा उल्लेख करून घ्या.

विजेचं गणित करारापूर्वीच करा. १ अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॉट. एक अश्वशक्तीचे आठ माग आणि तेवढीच मोटर असलेलं एक कांडी मशीन म्हणजे ९ अश्वशक्ती, ६.७ किलोवॉट, थ्री फेज. महावितरणमध्ये यंत्रमागाचा ग्राहक गट स्वतंत्र आहे, आणि राज्याच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीपर्यंतचे आणि त्यावरचे असे भाग आहेत. दोन भावांच्या १४-१४ अश्वशक्तीच्या जोडण्या नव्या इमारतीत 'सोयीसाठी' एकत्र केल्या की बेरीज २८ होते आणि वरचा गट लागतो. जोडण्या वेगळ्याच ठेवा. पाडकामाच्या काळात थकबाकी ठेवून मीटर तसाच सोडू नका. तो कायमचा बंद झाला की नव्याने अर्ज, नव्याने अनामत, आणि मंजूर नकाशात वापर 'निवासी' असेल तर यंत्रमागाचा गट मिळायलाच अडचण. म्हणून मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशावर त्या गाळ्याचा वापर काय छापलाय, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आगीचा विचार टाळण्यासारखा नाही. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जण गेले. कारखाना आणि राहणं एकाच इमारतीत होतं. सुताची पूस (उडणारे बारीक तंतू) वायरिंगवर बसते, एक ठिणगी पुरते, आणि धूर जिन्याने वर चढतो. घराचा जिना मागाच्या हॉलमध्ये उघडता कामा नये, तो थेट रस्त्यावर उतरला पाहिजे. हॉलला दोन दारं हवीत, समोरासमोरच्या बाजूंना. वायर लोखंडी पाइपातून, मागांचा स्वीचबोर्ड दाराजवळ. सुताचे गठ्ठे जिन्याखाली ठेवायची सवय नव्या इमारतीत नेऊ नका. खिडक्यांना जाळी लावायचीच असेल तर प्रत्येक घरात एक तरी आतून उघडणारी ठेवा.

आवाजाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वरची विक्रीची घरं कर्ज काढून घेतलेली नवी माणसं येतील. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चालू मागांच्या हॉलशेजारी ती पाळली जाणं कठीण. तक्रार झाली तर कायदा तक्रारदाराच्या बाजूने असेल. म्हणून विक्री करारातच तळमजल्यावर यंत्रमाग चालतात आणि कोणत्या वेळेत चालतात हे लिहायला बिल्डरला भाग पाडा, आणि रात्रपाळी सोडायची मनाची तयारी ठेवा. जागा मोठी असेल तर मागच्या बाजूला वेगळं, वर घर नसलेलं शेड हा सगळ्यात चांगला मार्ग. तेही जमत नसेल आणि माग दहा-बाराच्या वर असतील तर बदल्यात अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी एमआयडीसीत शेड मागणं जास्त शहाणपणाचं. सगळेच माग परत गल्लीत येतील अशी आशा कोणालाही दाखवू नये.

कांडी, शिलाई, विडी

माग एमआयडीसीत गेले तरी बायकांचं काम तिकडे जात नाही. कांडी भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, चादरीच्या गाठी मारणं हे स्वयंपाक आणि मुलं सांभाळत होणारं काम आहे. सात-आठ किलोमीटरवर गेलं की ते दुसऱ्या कोणाचं होतं. शेडच्या बोलणीत हे धरा: सूत घरी पोचवायचं आणि कांड्या परत न्यायच्या, त्याचा टेम्पो कोणाच्या खर्चाने?

विडीला लागते हवेशीर सावली, पानं भिजवायला मोरी, आणि चालत जाता येईल अशी कारखान्याची शाखा. बंद फ्लॅटमध्ये तंबाखूची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. म्हणून प्रत्येक मजल्यावर सामाईक व्हरांडा मागा आणि मापाने मागा. एका बाईला सूप, पानं, तंबाखू मांडून बसायला ३ बाय ३ फूट लागतं. सहा जणी एका रांगेत म्हणजे १८ फूट लांबी, आणि त्यांच्या पुढून जायला चार फूट, म्हणजे ७ फूट रुंदी. नकाशात नेहमीची चार-साडेचार फुटी बोळ असते. तिथे बसलं की वाट अडते आणि पहिल्या महिन्यात भांडण होतं.

पर्यायी घर शहराबाहेर सुचवलं जात असेल तर तोही हिशेब कागदावर करा. कुंभारीजवळ विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्याच भागात रे नगरच्या पहिल्या टप्प्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. मालकीचं घर हातात येणं ही लहान गोष्ट नाही. पण जायचं ठरवण्याआधी विडीची शाखा, रेशन दुकान, शाळा आणि दवाखाना कुठे, हे जागेवर जाऊन पाहा. एका फेरीला २० रुपये धरले तर दोन वेळा, २६ दिवस, महिन्याला १,०४० रुपये एका माणसाचे. घरातले दोघं जात-येत असतील तर दुप्पट.

पाणी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. इमारतीची टाकी मात्र एका दिवसाच्या हिशेबाने बांधली जाते, आणि मग टँकरचा खर्च सुरू होतो. गणित असं करा: माणशी रोज १३५ लिटर, पाच माणसांचं घर, चार दिवसांचा साठा, म्हणजे २,७०० लिटर. बारा घरांना ३२,४०० लिटर. त्यासाठी जमिनीखालची टाकी आतून साडेचार बाय ३.६ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर हवी, वर एक फूट मोकळी जागा वेगळी. तुमच्या भागात पाळी पाच दिवसांची असेल तर चारच्या जागी पाच धरा. टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आणि सांडपाण्याच्या चेंबरपासून शक्य तितकं लांब हवं. पाळीच्या दिवशी वीज गेली तर पाणी येऊन वर चढत नाही, म्हणून खालच्या टाकीला हातपंपाची सोय ठेवायला लावा.

करार

क्रम हा: नोंदणीकृत करार, बांधकाम परवानगी, भाड्याचे आणि अनामतीचे पैसे हातात, मग घर रिकामं. हा क्रम उलटा झाला की सगळं बिल्डरच्या मर्जीवर. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका, मग ते 'फक्त फायलीसाठी' असलं तरी. कुलमुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर परवानग्यांपुरतं द्या, विक्री आणि गहाणाचे अधिकार त्यातून काढून टाका.

प्रत्येक भाडेकरूचा स्वतंत्र करार, त्याला घराचा नकाशा जोडलेला, त्यावर मजला, कार्पेट क्षेत्र आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. मागाच्या गाळ्याचं परिशिष्ट वेगळं: उंची, बैठक, दाराची रुंदी, वीजभार. पर्यायी भाडं अकरा महिन्यांचं आगाऊ, पुढच्या वर्षांचे तारखा घातलेले चेक, दरवर्षी किती वाढ, दोन्ही वेळच्या हलवाहलवीचा खर्च, मुदत उलटल्यास दरमहा भरपाई. मागांसाठी आणखी तीन रकमा लिहा: उतरवणं आणि पुन्हा बसवणं (फिटर, हमाल, वाहतूक), तात्पुरत्या शेडचं भाडं, आणि माग बंद राहतील त्या दिवसांची मजुरी. तिसरी रक्कम कामगारांच्या नावाने, वहीतली यादी जोडून. मालकाच्या हातात दिली तर ती कामगारांपर्यंत पोचेलच असं नाही.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेला प्रकल्प महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीशिवाय विकता येत नाही. पूर्व भागातले बरेच प्लॉट यापेक्षा लहान आहेत, तेव्हा तिथे महारेराच्या भरवशावर राहू नका. बँक गॅरंटी हाच आधार. बिल्डर ती द्यायला तयार नसेल तर विक्रीची काही घरं काम पूर्ण होईपर्यंत न विकण्याची अट नोंदणीकृत करारात घाला. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा, सभेची आणि बहुमताची पद्धत त्यात दिलेली आहे.

मसुदा बैठकीत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नडमधून मोठ्याने समजावून सांगा, जिथे लागेल तिथे उर्दूतूनही. घरातल्या आज्जीच्या नावावर खोली असते आणि सही तिचीच लागते. तिला न समजलेल्या करारावर तिचा अंगठा घेणं चुकीचं आहे, आणि पुढे तोच मुद्दा कोर्टात निघतो.

सामान हलवताना

मागावरचा बीम संपायची तारीख धरून रिकामं करायचा दिवस ठरवा. अर्धा विणलेला बीम उतरवला तर ताणा गुंततो आणि सूत वाया जातं. माग सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढा, सुट्या भागांच्या पिशवीवर मागाचा क्रमांक लिहा, जॅकार्डच्या दोऱ्यांची जुडी सैल न पडू देता फळीला बांधून ठेवा. फण्या सपाट ठेवायच्या, उभ्या ठेवल्या तर वाकतात.

तात्पुरती घरं शक्यतो त्याच शाळेच्या आणि त्याच विडी शाखेच्या अंतरात घ्या. जून ते एप्रिलच्या मध्ये मुलांची शाळा बदलायला लावू नका. पाडकामाचं वेळापत्रक ठरवताना गल्लीचं वर्षही डोळ्यांपुढे ठेवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, नवरात्रात बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांचा सण) आणि देवीच्या मिरवणुका, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे सात नंदीध्वज. मार्गावर परांच्या, पत्र्याचं कुंपण किंवा खाली आलेल्या तारा असता कामा नयेत, आणि हे कंत्राटदाराला तोंडी सांगून भागत नाही. बतुकम्माला बायकांना फेर धरायला मोकळी जागा लागते. आज ती गल्लीच्या मधोमध मिळते. नव्या नकाशात त्याच जागेवर मोटारींचे पट्टे आखलेले असतील तर दोन पट्टे तरी हटवून घ्या.

ताबा घेताना

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय किल्ली घेऊ नका. किल्ली देताना ताबा पावतीवर 'कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं असतं. सही करण्याआधी हे करा: पहिल्या दिवशी जुन्या वहीचंच पान उघडून त्याच टेपने खोली मोजा. जमिनीखालची टाकी काठोकाठ भरून पातळीला खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा, नजरेत भरण्याइतकी उतरली तर टाकी गळतेय. बांबू पुन्हा एकदा दारातून वळवा. मग एक माग बसवून तो सलग आठ तास चालवा, त्या वेळात वरच्या घरात भरलेला पाण्याचा तांब्या फरशीवर ठेवा. पाणी थरथरत असेल तर बैठकीभोवतीची फट काँक्रीटने भरून गेलेली आहे. ती मोकळी करून घ्या, पुन्हा तपासा, आणि मग सही.